मनकर्णेची घागर

अखिती तोंडावर आली तशी कुंभारीण डोक्यावर टोपलं घेऊन अकोल्याच्या जुन्या शहरात दारोदार फिरू लागली. पार्बताबाईंनी तिला ओट्यावर बसवलं आणि एकेक घागर कानाशी धरून बोटानं वाजवून पाहिली. सासऱ्याच्या नावाची, सासूच्या नावाची, नवऱ्याच्या नावाची. एक बद्द वाजली, ती परत टोपल्यात गेली. "पितरायले का गळकं मडकं देऊ?" असं म्हणून त्यांनी कुंभारणीच्या पदरात जवारी घातली.

कुंभारीण उठणार तोच आतून जयवंता आली. पार्बताबाईंची सून. कडेवर सहा महिन्यांची पोरगी, तोंडात आईच्या लुगड्याचा पदर.

"मावशी, एक मले द्या. चांगली वाजनारी."

"आपल्या घेऊन झाल्या व," पार्बताबाई म्हणाल्या.

"आपल्या झाल्या. ही माह्या आत्याची."

पार्बताबाईंचा हात जवारीच्या सुपातच राहिला. कुंभारीण शहाणी बाई. तिनं घागर जयवंताच्या हातात दिली, टोपलं उचललं आणि पुढचं दार गाठलं.

अखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वऱ्हाडात मेलेल्यांची तहान भागवतात. घरातलं माणूस गेलं की पहिल्या अखितीला त्याच्या नावानं नवी घागर भरायची, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज ठेवायचं, कुणाला तरी त्याच्या जागी पितर म्हणून पाटावर बसवायचं आणि पोटभर जेवू घालायचं. घागर भरली की ते माणूस पितरांच्या पंगतीत बसलं. मग दरसाल त्याचं नाव निघतं. नाही भरली, तर ते वैशाखाच्या उन्हात पाणी पाणी करत फिरतं, आणि दोन-तीन वर्षांत त्याचं नाव घेणारंही कुणी उरत नाही.

जयवंताची आत्या मनकर्णा माघात गेली होती. तिची घागर भरणारं घर जगात नव्हतं. नवऱ्याचं घर तिनं तरुणपणीच सोडलेलं, आणि भावाच्या घरात सासरी न नांदलेल्या बहिणीचं पाणी चालत नाही.

"माहेरचं पानी माहेरी," पार्बताबाई म्हणाल्या. "आपल्या घरात दुसऱ्या गोताची घागर भरत नाही. हा कायदा काही मी केला नाही."

"म्हनूनच अमरावतीले जाऊन राहिली मी."

"बापानं बलावलं?"

"नाही."

"मंग?"

"मंग काय. घागर घेऊन जाते."

नवरा देवीदास कापसाच्या जिनातून घरी आला, त्यानं दोघींची तोंडं पाहिली, घागर पाहिली, आणि पाय धुता धुता म्हणाला, "तिकीट मी काढून देतो. भांडन मात्र तुयं तुलेच करा लागन."

"तेवढं येते मले," जयवंता म्हणाली.

आणि ते तिला यावं यात नवल नव्हतं. ती मनकर्णेच्या हाताखाली वाढली होती.

गाडीत पोरगी खांद्यावर आणि घागर मांडीवर घेऊन ती बसली. बडनेऱ्याला अमरावतीची गाडी धरताना टीसीनं तिला अडवलं. "काय बाई, अमरावतीले पानी नाही का?"

"पानी हाय," जयवंता म्हणाली. "पाजनारं कोनी नाही."

टीसीला ते कळलं नाही, पण त्यानं दार उघडून धरलं.

मनकर्णेचं लग्न नांदगाव खंडेश्वरला झालं तेव्हा ती पोरसवदा होती. आंदण म्हणून बापानं एक कालवड दिली होती. सासरच्या घरात तिला काय सोसावं लागलं ते तिनं कधी कुणाला रंगवून सांगितलं नाही. "त्याचा हात लांब होता अन् जीभ आखूड," एवढंच म्हणायची. एका सकाळी तिनं दावणीची कालवड सोडली आणि तिच्या गळ्यातलं दावं हातात धरून पायी अमरावतीला निघून आली. दारात उभी राहून भावाला म्हणाली, "आंदन परत आनलं. मीबी आली संगं."

मागून नांदगावचा माणूस आला. तो कालवड मागायला आला होता. मनकर्णेला न्यायला नव्हे. मनकर्णेनं त्याला ताक पाजलं आणि रिकाम्या हातानं परत पाठवलं. पुढं लोक विचारत, नवऱ्याची आठवण येत नाही का, तर ती गोठ्याकडं बोट दाखवायची. "हे पाहा, दोघं भेटले होते लग्नात, त्यातलं जे कामाचं होतं ते घेऊन आली."

कपाळावर मात्र रुपयाएवढं कुंकू लावायची. कुणी टोमणा मारला तर म्हणायची, "पिंजर मी इकत घेते. त्याच्या घरून येत नाही."

मग मानमोडीची साथ आली. घरोघरी माणसं मुरगळून पडली. भावाच्या भाजीच्या वाडीचा मोटकरी गेला, चार महिन्यांची जयवंता मागं ठेवून तिची आई गेली, बाप वामनराव तापात बडबडत पडला. वाफ्यांत वांगी, मिरची, कोथिंबीर सगळं माना टाकून उभं. मोट हाकायला बाईनं जायचं नसतं. बाईच्या हातानं विहीर आटते म्हणतात. मनकर्णेनं जयवंताला झोळीत घालून झोळी विहिरीवरच्या लिंबाला टांगली, लुगड्याचा काचा मारला आणि बैल जुंपले. भाऊबंदांतले केशवराव काठी टेकत आले. म्हणाले, "मनकर्णे, विहीर आटन."

"आटली तर खोल खंदू," ती म्हणाली. "पोरगी मेली तर कोठून खंदून आनू?"

वामनराव बरे झाले, पण ती मोटेवरून उतरली नाही. बैल धावेच्या उतारावरून खाली निघाले की मोट भरून वर येते. त्या वेळी मोटकरी गडी नाड्यावर बसतो, त्याच्या वजनानं बैलांना ओढ हलकी होते. मनकर्णाही बसायची. जयवंताला पुढ्यात घेऊन. दोरावर बसून उतारावर जाताना पोटात गुदगुल्या व्हायच्या त्या जयवंताला अजून आठवत होत्या. मोठी झाल्यावर तिनं आत्याकडून सगळंच शिकून घेतलं. दुपारून भाजीची पाटी डोक्यावर घेऊन दोघी इतवाऱ्याच्या बाजारात जात, तिथं रजियाबी बागवानणीच्या शेजारी बसत. रजियाबी पेरू-संत्री विकायची. दोघी म्हाताऱ्या एकमेकींच्या शिदोऱ्या खात आणि एकमेकींच्या स्वयंपाकाला नावं ठेवत. रजियाबीच्या घरून काहीही येवो, मनकर्णा पहिला घास तोंडात घालून म्हणायची, "मीठ कमी हाय." खारट असलं तरी.

कार्तिकात जयवंता पहिल्या बाळंतपणाला आली. पोरीला न्हाऊ घालताना मनकर्णा आधी स्वतःच्या कोपरावर पाणी ओतून पाहायची, मग पोरीच्या टाळूवर. "पान्याची ओळख हळू करून द्या लागते," म्हणायची. पोरीचं नाव यमुना तिनंच ठेवलं. पौषात जयवंता अकोल्याला परतली, आणि माघात निरोप आला तो सगळं उरकल्यावर.

स्टेशनवरून घरी जायच्या आधी जयवंता इतवाऱ्यात गेली. रजियाबी एकटीच बसली होती. शेजारची जागा तिनं पोतं अंथरून राखून ठेवली होती.

"कोनी बसत नाही का येथं?" जयवंतानं विचारलं.

"बसाले पाहतेत. मी म्हनते, बाई पानी प्याले गेली, येऊन राहिली." रजियाबीनं यमुनाला ओढून मांडीवर घेतलं. मग तिची नजर घागरीवर गेली. "मनकर्णेची?"

"हो. परवा अखिती. सकाळी डांगर घेऊन या तुमी, खाला."

"तुझा बाप भरू देईन?"

"तुमी डांगर आना."

खोलापुरी गेटाबाहेर वामनरावांची वाडी. ते खाटेवर बसले होते. लेक दिसली तसे उठले, नातीला घेतलं, आणि घागर पाहून पुन्हा खाली बसले.

"इथं नाही भरत ते, जयवंते. तिचं पानी नांदगावले."

"नांदगावच्यायनं तिले जाळाले तरी मानूस पाठवला होता का, बा?"

"रिवाज हाय. पोरगी दिली म्हंजे दिली." त्यांनी आवाज खाली आणला. "केशवकाकाचा निरोप आधीच येऊन गेला. म्हनते, नवरा टाकून आलेल्या बाईची घागर ज्या घरात, त्या घरात मी पाटावर बसत नाही. थे उठले तर भाऊबंद उठतीन. तुही लहान बहीन उजवाची हाय मले."

"अन् तुमाले काय वाटते?"

"मले वाटून काय होते?"

जयवंता त्यांच्यासमोर भुईवर बसली. "मानमोडीत तुमच्या तोंडात पानी कोनं घातलं, बा?"

वामनराव नातीच्या मुठीशी खेळत राहिले. "तिनंच," शेवटी म्हणाले.

"मंग तिच्या तोंडात तुमी कावून नाही?"

"घरात नाही म्हनलं ना मी. घरात नाही."

जयवंतानं त्यांच्याकडे एकदा पाहिलं. "बरं," ती म्हणाली. "घरात नाही."

वामनरावांची दुसरी बायको माणिकबाई चुलीशी बसून हे ऐकत होती. ती या घरात आली तेव्हा मनकर्णेचा दरारा तिला सोसावा लागला होता, त्यामुळं तिच्या मनात काय आहे ते कुणालाच ठाऊक नसायचं. ती पुरणाची डाळ निवडत राहिली.

अखितीच्या दिवशी सकाळी मनकर्णेमागं ठेवलेला नवा मोटकरी आपल्या गावी गेला होता, त्याचेही पितर होतेच. घागरींना विहिरीचं ताजं पाणी हवं. माणिकबाई दोर-बादली शोधू लागली तर जयवंता म्हणाली, "ठेवा, लहानी माय. पानी मी आनते."

थोड्या वेळानं घरातल्यांनी चाकाची कुरकुर ऐकली. वामनराव धावत अंगणात आले.

लिंबाला झोळी टांगली होती. जयवंतानं काचा मारला होता आणि पांढऱ्या-चांद्या धावेवर उभे होते. पांढऱ्या त्या नांदगावहून आलेल्या कालवडीच्याच वंशातला. लग्न झाल्यापासून जयवंतानं मोट हाकली नव्हती. मोट वर आली तेव्हा सोंडेचा दोर तिच्या हातून उशिरा सुटला आणि अर्धं पाणी धबधब करत विहिरीतच परत गेलं. बैल गोंधळले. पांढऱ्यानं पाय रोवले, हलेचना.

जयवंतानं कपाळावरचा घाम पुसला, बैलांच्या मागं गेली आणि आत्या म्हणायची तसंच, त्याच सुरात म्हणाली, "चाल माह्या राजा, बाई हाय म्हनून लाजू नको."

पांढऱ्याचे कान मागं फिरले. त्यानं मान खाली घातली आणि निघाला. जयवंता नाड्यावर बसली. उतारावर पोटात तीच जुनी गुदगुली झाली, पण या वेळी पुढ्यात कुणी नव्हतं, मागंही नव्हतं. डोळे भरून आले. पण डोळे पुसायला हात मोकळे नव्हते, म्हणून ती तशीच गेली. मोट आली, थारोळ्यात पाणी कोसळलं, पाट भरून वाहू लागला. माणिकबाई तिथंच उभी होती. तिनं घरच्या पितरांच्या तिन्ही घागरी त्याच पाण्यात बुडवल्या आणि आत नेऊन मांडल्या.

केशवराव आले ते धुवट धोतर नेसून, पोट मोकळं ठेवून. वामनरावांच्या वडिलांचे पितर म्हणून कित्येक वर्षं तेच पाटावर बसत. त्यांनी विहिरीवरचा प्रकार पाहिला आणि अंगणातच थांबले.

"वामन, घरातल्या घागरी कोन्या पान्यानं भरल्या?"

माणिकबाई दारातून म्हणाली, "विहिरीच्या."

"बाईनं ओढलेलं पानी पितरायले चालत नाही. फेका ते. दुसरं आना."

जयवंता धावेवरून उतरून आली. पायांना चिखल, लुगडं अर्धं ओलं.

"काका, एक विचारू का?"

"तू आता सासरची. तुह्या विचारन्याचं काय काम?"

"तरी विचारते. तुमी दरसाल आमच्या आजोबाच्या नावानं जेवता. वांग्याची भाजी तुमाले आवडते, दोनदा घेता. माह्या जन्मापासून या वाडीतल्या वांग्याले पानी कोनं देल्लं?"

"ते पोटाचं झालं. हे पितराचं हाय."

"पितर तुमच्याच पोटात जेवत होते ना?"

वामनरावांची धाकटी लेक पदरात तोंड लपवून आत पळाली. केशवरावांनी काठी आपटली. "मी त्या वक्तीच म्हनलं होतं, अशानं विहीर आटन."

"म्हनलं होतं. हे पाहा, तुमच्या पायाजवळून वाहून राहिली."

पाटाचं पाणी खरंच अंगणाच्या कडेला येऊन त्यांच्या जोड्यांना लागलं होतं. केशवरावांनी पाय मागं घेतले. वामनरावांकडे पाहिलं. "मी चाललो, वामन. पंगत उठली समज. पुढं तुही पोरगी अन् तू."

एरवी वामनराव धावत गेले असते, पाय धरले असते. आताही त्यांनी एक पाऊल टाकलं. मग त्यांची नजर लिंबावरच्या झोळीकडं गेली. वाऱ्यानं ती हलत होती, जशी पूर्वी हलायची. ते तिथंच उभे राहिले. केशवराव फाटकापाशी जरा रेंगाळले, कुणी हाक मारतं का म्हणून. घरातून पुरणाचा वास येत होता. कुणी हाक मारली नाही, तेव्हा गेले.

त्याच फाटकातून रजियाबी आली. डोक्यावर पाटी, पाटीत केवढं तरी मोठं डांगर.

"काय झालं? तो बुढा मले पाहून असा थुंकला जसं मी त्याचे दात चोरले."

जयवंतानं तिला हात धरून विहिरीवर नेलं. लिंबाच्या सावलीत मूठभर गहू मांडून त्यावर अकोल्याहून आणलेली घागर ठेवली. थारोळ्यातून ओंजळीनं नाही, भरल्या कळशीनं पाणी आणलं. पाणी ओतताना नाव घ्यायचं असतं: अमक्याची बायको, अमक्या घरची. जयवंतानं कळशी उचलली आणि थांबली. नवऱ्याचं नाव घ्यायचं नव्हतं. बापानं घर नाही म्हटलं होतं.

"मनकर्णा," ती मोठ्यानं म्हणाली, अंगणात उभ्या माणसाला ऐकू जाईल एवढ्यानं. "या विहिरीची."

घागर काठोकाठ भरली. रजियाबीनं वर डांगर ठेवलं. मग जयवंतानं पाट मांडला. "बसा, खाला."

रजियाबी मागं सरकली. "अगे बेटी, मी मुसलमानीन. तुमच्या पितराच्या पाटावर कशी बसू? तुझा बाप मले विहिरीत टाकीन."

"तिच्या जागी बसनारं दुसरं कोन हाय? सुवासिनी बसत नाही, म्हनते ती नांदली नाही; विधवा बसत नाही, म्हनते तिचा नवरा जिता हाय. तिच्या बाजूले जन्मभर तुमी बसल्या. आता तिच्या जागी बसा."

"मनकर्णा हसन वर."

"हसू द्या."

रजियाबी बसली. गुडघे कडकड वाजले. तेवढ्यात मागून पावलं आली. माणिकबाई होती. हातात वाढलेलं ताट: पुरणपोळी, कुरडया, आंब्याचा रस, चिंच-गुळाच्या चिंचोणीची वाटी.

"पुरन गरम हाय तवर वाढ," ती जयवंताला म्हणाली. ताट ठेवलं, घागरीवर हळदकुंकवाचं बोट ओढलं, रुपयाएवढं गोल, आणि परत गेली.

रजियाबीनं 'बिस्मिल्ला' म्हणून पहिला घास तोंडात घातला. चावत राहिली. बराच वेळ चावत राहिली. मग म्हणाली, "मीठ कमी हाय."

जयवंता हसायला गेली आणि ते हसू मध्येच मोडलं. माघापासून अडकलेलं सगळं तिथं लिंबाखाली वाहून गेलं. रजियाबीनं डाव्या हातानं तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढलं आणि उजव्या हातानं जेवत राहिली. पितरानं ताटावरून उठायचं नसतं, एवढं तिलाही ठाऊक होतं. "रड," ती म्हणाली. "पन चिंचोनी आन जराशी."

जेवण झालं तरी वामनराव अंगणातच उभे होते. मग हळूहळू विहिरीपर्यंत आले. घागरीकडं पाहिलं, कुंकवाकडं पाहिलं.

"लोक पुढच्या अखितीले काय म्हनतीन, जयवंते?"

"मी ऐकीन ना, काय म्हनते ते. पुढच्या अखितीलेबी येईन. त्याच्या पुढच्याबी. घागर अकोल्याहून आनीन, पितर इतवाऱ्यातून आनीन. तुमी फक्त बैल घरी ठेवजा."

वामनराव पांढऱ्यापाशी गेले, त्याच्या मानेवरचं जू उतरवलं, घट्ट्यावरून हात फिरवला. मग धावेच्या टोकाशी वाकून माती चाचपत राहिले.

"धाव खालून खचली हाय," पाठमोरेच म्हणाले. "बाईमानसाचा पाय मुरगळन. पानी पडाच्या आधी भरून घेतो."

झोळीत यमुना जागी झाली. जयवंतानं तिला उचललं, घागरीतल्या पाण्यात बोट बुडवलं, आधी स्वतःच्या कोपराला लावून पाहिलं, मग पोरीच्या ओठांना लावलं. पोरीनं तोंड वाकडं केलं, जीभ बाहेर काढली, आणि आणखी मागितलं.